पित्तच निघालं

"ते गळ्यातलं काढा," साहेब म्हणाले.

मला वाटलं ओळखपत्राबद्दल बोलतायत. मी फितीला हात घातला.

"ते नाही हो. तो स्टेथोस्कोप."

महिन्याची बैठक होती. प्राथमिक आरोग्य केंद्राचा हॉल. सगळ्या उपकेंद्रांच्या सिस्टर, आशाताई, औषधांचा माणूस, क्लार्क. पंखा फिरत होता, वारा कुणालाच लागत नव्हता. साहेब म्हणजे आमचे वैद्यकीय अधिकारी. त्यांच्या शेजारच्या गुबगुबीत खुर्चीत आण्णासाहेब बसले होते, माझं उपकेंद्र ज्या गावात आहे तिथले माजी सरपंच. ते आमच्या बैठकीत कशाला, हे कुणी विचारलं नाही. ते बशीत ओतून चहा पीत होते.

मी स्टेथोस्कोप काढला आणि दिला. का दिला, ते आजही सांगता येत नाही. साहेबांनी हात पुढं केला आणि माझा हात आपोआप गेला. शाळेत मास्तरांनी पट्टी मागितली की पोरं आपणच नेऊन देतात, मार खायच्या आधी. तसं.

"दगडू, इकडं ये."

दगडूमामा दारात कपांचा ट्रे घेऊन उभे होते. आरोग्य केंद्रात झाडलोट करतात. माझ्या बापाच्या वयाचे. ट्रे खाली ठेवून, हात शर्टाला पुसत ते पुढं आले. साहेबांनी स्टेथोस्कोप दोन बोटांत धरला आणि वरूनच मामांच्या गळ्यात टाकला.

"घ्या. आता हे पण डॉक्टर. सिस्टर, तुम्ही आणि दगडू एकाच वस्तीतले ना? तुमच्यात आता दोन डॉक्टर झाले."

मी सोलापूर शहरातली. मामा माझ्या उपकेंद्राच्या गावचे, मैंदर्गीच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. आमची वस्ती एक कुठनं आली? पण हॉलमधल्या सगळ्यांना बरोबर कळलं, कुठली वस्ती ते. लोक हसले. सगळे नाही, पण हसले.

"दगडू, आण्णासाहेबांच्या आईला काय झालं होतं, सांग बरं."

मामा खाली बघत म्हणाले, "मला काय कळतंय साहेब."

"बघा सिस्टर. आपल्याला कळत नाही, एवढं तरी याला कळतं."

मग बैठक पुढं चालू झाली. लसीकरण. गोळ्यांचा साठा. क्षयरोगाचे पेशंट. मी मान खाली घालून बसले. मामा तसेच भिंतीला लागून उभे, गळ्यात ते लोंबतंय, कारण काढ म्हणून त्यांना कुणी सांगितलंच नाही.

बैठक सुटल्यावर नळापाशी त्यांनी तो मला परत दिला. टॉवेलाच्या कोरड्या टोकानं पुसून दिला. चारचौघांत ते मला मॅडम म्हणायचे, एकटी असले की पोरी.

"पोरी, मी हसलो न्हाय बरं."

"माहीत आहे मामा," मी म्हटलं, आणि एसटी पकडायला निघाले.

काय घडलं होतं ते आता सांगते.

मी नर्सिंग शिकलेली. पदवी घेतली, वर आणखी प्रशिक्षण, परीक्षा. मग समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रावर नेमणूक. कंत्राटी. दरवर्षी साहेबांचा शेरा चांगला गेला तर करार पुढं, नाहीतर घरी. उपकेंद्रावर डॉक्टर नसतो. तपासायचं मी, ठरवायचंही मी. याला गोळी देऊन घरी पाठवू, याला उद्या परत बोलवू, याला आत्ताच्या आत्ता गाडीत घालून सोलापूरला नेऊ. हे ठरवणं हेच माझं काम, बाकी सगळं त्याच्या आगंमागं. अधिकारी हा शब्द पाटीवर आहे. गावात मी सिस्टर, नाहीतर "ती सरकारी बाई".

आण्णासाहेबांची आई मोटारीतून आली होती. एरवी ती उपकेंद्राची पायरी चढत नाही. त्या दिवशी सून धरून घेऊन आली.

"हात न लावता सांगता येत न्हाय व्हय?" म्हातारी म्हणाली.

"नाही येत आज्जी."

पदर घामानं चिंब. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय, जबडा भरून आलाय, मळमळतंय. साखरेची जुनी पेशंट. आणि तोंडानं आपलं एकच चालू, "यव्वा, पित्त हाय गं. सकाळी शेंगाचटणी लई खाल्ली."

आमच्याकडं छातीत दुखलं की ते पित्तच असतं. श्रीमंताचं असो, गरिबाचं असो. सोडा पितात, ओवा चावतात, कूस बदलून झोपतात. माझे बाबा असेच झोपले होते. सोलापुरात चादरीच्या कारखान्यात मागावर होते ते. छातीत कळ आली, आईनं सोडा दिला, मग गल्लीतल्या दवाखान्यात नेलं. तिथल्या माणसानं खुर्चीतनं न उठताच विचारलं, काय खाल्लं? आई म्हणाली, भाकरी आणि ठेचा. मग पित्तच, म्हणाला. हात लावला नाही, नाडी बघितली नाही, कागदाच्या पुडीत गोळ्या दिल्या. बाबा घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडले, ते उठलेच नाहीत. मी नववीत होते.

माझ्याकडं ईसीजीचं मशीन नाही. नाडी, रक्तदाब, साखर, पेशंटचा चेहरा आणि ती सांगते ते, एवढ्यावर ठरवायचं. आम्हाला शिकवलंय, साखरेच्या बाईला असा घाम आला, असा जबडा धरला, तर हृदय नाही हे सिद्ध होईपर्यंत हृदयच समजायचं. मी ॲस्पिरिन चावायला दिली, गाडी बोलावली, चिठ्ठी लिहिली आणि पाठवलं.

सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात ईसीजी काढला, रक्त तपासलं, दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवून घेतलं. पित्तच निघालं.

मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. धोका टळला म्हणून मी विचारपूस करायला त्यांच्या घरी गेले. केवढी खुळी मी. आण्णासाहेब ओट्यावर, मी खाली अंगणात. बस म्हणाले नाहीत.

"कळत नव्हतं तर हात कशाला लावला?"

मी सांगायला लागले, जबडा, घाम, साखर. त्यांनी हातानंच थांबवलं.

"माझ्या आईला भर उन्हात सोलापूरला फिरवलीस. पाव्हण्यारावळ्यांत बोभाटा झाला, म्हातारी गेली म्हणून. कुणाकुणाला उत्तर देऊ मी?"

आतनं म्हातारीचा आवाज आला. "तिला म्हणाव, मी सांगितलं हुतं पित्त हाय."

तक्रार गेली. त्यानंतरची ती बैठक. आणि बैठकीच्या शेवटी साहेबांनी सांगितलं, "यापुढं मला विचारल्याशिवाय एकही पेशंट वर पाठवायचा नाही. फोन करायचा. मी सांगेन तसं करायचं."

बाकीच्या सिस्टरना नाही. मला.

साहेब स्वतः सोलापूरला पेशंट पाठवत नाहीत का? पाठवतात की. त्यातले कितीतरी दुसऱ्या दिवशी एसटीनं पेरू खात परत येतात. तेव्हा लोक म्हणतात, साहेब लई काळजी घेतात. डॉक्टरचा अंदाज चुकला तर केस अवघड होती. आमचा चुकला की आमची जात आठवते, आमच्या सवलती आठवतात, आम्हाला खुर्चीवर कुणी बसवलं ते आठवतं.

पुढचे दिवस कसे गेले तेही सांगते. मी सगळ्यालाच फोन करायला लागले. पोराला ताप आला, फोन. म्हातारीचा रक्तदाब वाढला, फोन. कुत्रं चावलं, लस समोरच्या फ्रीजमध्ये, तरी फोन. साहेबांचा तालुक्याला बायकोच्या नावानं दवाखाना आहे. दुपारी ते तिथं असतात, मग फोन नुसता वाजतो. पेशंट बाकावर बसून माझ्या तोंडाकडं बघत. एक बाई म्हणाली, "मॅडम, फोनवरच इचारायचंय तर आमीच इचारतो की. नंबर द्या." बाकावरचे सगळे हसले. ती वाईट नव्हती. खरं तेच बोलली.

रक्तदाब मोजायचा आणि विश्वास बसायचा नाही, परत मोजायचा. जे मला पक्कं ठाऊक होतं तेही ठाऊक नाही असं वाटायला लागलं. एखाद्याला रोज वेडा वेडा म्हटलं तर तो एक दिवस खरंच कपडे फाडतो. संध्याकाळी सोलापूरला परत येताना बसमध्ये दिवसभराचा एकेक पेशंट डोळ्यांसमोर यायचा. ह्याला घरी पाठवलं, तो मेला तर? त्याला पाठवायला पाहिजे होतं, पण पित्त निघालं असतं तर? एकदा माझा थांबा गेला तरी मी बसून होते. कंडक्टर म्हणाला, "ताई, स्टँड आलं, उतरा की." मला उतरावंसंच वाटत नव्हतं. कुठंच उतरू नये, असंच बसून राहावं.

आईला सांगितलं. आई आयुष्यभर विड्या वळत आली. तिच्या बोटांवर मी शिकले. ती म्हणाली, "गप बस. करार होऊ दे. त्यांचं बी ऐकायचं, आपलं बी भागवायचं. आपल्याला कोण हाय?"

मला तिचा राग आला नाही. आपल्याला कोण आहे, हे तिचं खरंच होतं.

मग दगडूमामा आले.

त्यांचं घर माझ्या उपकेंद्राच्याच गावात. बाजाराचा दिवस होता, भर दुपार, बाकडं रिकामं. ते दाराची चौकट धरून उभे राहिले.

"पोरी, जरा सोडा हाय का?"

तोंड राखेसारखं. कपाळावर घामाचे थेंब. डावा खांदा धरलेला.

"काय होतंय मामा?"

"काय न्हाय गं. पित्त. काल सायबाचं कपाट हिकडचं तिकडं केलं, अंग भरून आलंय. सोडा दे, जातो."

मी त्यांना टेबलावर झोपवलं. खांद्यातली कळ हाताकडं जातेय. मळमळ. छातीत जड. बिडीची सवय जन्माची. नाडी मी दोनदा मोजली. गावची आशाताई माझ्यासोबत होती, ती माझ्याकडं बघायला लागली.

मी फोन केला. वाजून वाजून बंद पडला. फोन स्पीकरवर टाकून परत केला. उचलला. मागं लाऊडस्पीकरचा आवाज, कसलंतरी उद्घाटन चालू होतं.

"साहेब, दगडूमामा आलेत. घाम आहे, खांद्यात..."

"काय खाल्लं त्यानं?"

"साहेब, छातीत जड वाटतंय म्हणतायत, हातात..."

"सिस्टर, मी विचारतोय काय खाल्लं."

टेबलावरनं मामाच म्हणाले, "भाकरी अन् शेंगाचटणी."

"झालं तर. पित्ताचं इंजेक्शन द्या. संध्याकाळी बघू. आणि गाडी बोलवायची नाही. परत तमाशा नकोय मला."

फोन बंद झाला. मामांनी सगळं ऐकलं होतं.

"दे पोरी विंजेक्शन. मला पाठवू नगंस. माझ्यापायी तुझ्या पोटावर पाय नगं. मी काय, आज हाय उद्या न्हाय."

धाडस वगैरे काही नव्हतं त्यात. काय खाल्लं, हा प्रश्न कानात गेला आणि मला बाबांची पाठ दिसली, भिंतीकडं तोंड केलेली. मी ॲस्पिरिन दिली आणि गाडी बोलावली. चिठ्ठीवर लिहिलं, साहेबांना फोन केला होता, त्यांनी नको म्हटलं, पाठवायचं माझं मी ठरवलं. खाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट. आशाताई त्यांच्याबरोबर गेली.

गाडी गेली आणि मी रिकाम्या खोलीत बसले. आता जे सांगणार आहे ते मी आईलाही सांगितलेलं नाही.

मी वाट बघत होते. मामा वाचावेत म्हणून नव्हे. ईसीजी खराब यावा म्हणून. सगळ्या दुपारभर, बसमध्ये, घरी ताटावर बसले तरी मनात एकच, काहीतरी निघू दे. फार मोठं नको, पण निघू दे. हृदयाच्या नसेत नळी टाकायला लागू दे. मोठ्या डॉक्टरनं म्हणू दे, अजून अर्धा तास उशीर झाला असता तर. मग बैठकीत मी मान वर करीन. माझा स्टेथोस्कोप पुसून मला परत करणाऱ्या माणसाच्या छातीत रोग निघावा म्हणून मी मनातल्या मनात हात जोडत होते.

सकाळी आशाताईचा फोन आला. "मॅडम, सगळं नॉर्मल हाय म्हणत्यात. दोनदोनदा तपासलं. खांद्याचा स्नायू धरलाय अन् पित्त."

मी फोन ठेवला आणि रडले. मामा धडधाकट आहेत म्हणून मला रडू येत होतं. हे माझं मलाच कळलं.

मामा सोलापूरहून एसटीनं आले ते घरी न जाता थेट उपकेंद्रावर. हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी. दारातच उभे. गुन्हा केल्यासारखे.

"माफ कर पोरी. मला काय झालंच न्हाय."

"मामा, असं काय बोलता?"

"न्हाय, कायतरी निघायला पायजे हुतं. मी त्या डागदरला म्हनलं बी, नीट बघा की, कायतरी आसंल. त्यो हसाय लागला."

म्हणजे तेही तेच मागत होते. पलंगावर पडून हा माणूस स्वतःला झटका यावा म्हणून विनवत होता, का, तर माझी नोकरी राहावी. आणि इथं मी. आम्ही दोघं मिळून एका बऱ्या माणसाच्या दुखण्याची वाट बघत बसलो होतो. कुणी आणलं आम्हाला इथपर्यंत? दोन बोटांत धरून गळ्यात टाकलेल्या त्या नळीनं आणलं. हॉलमधल्या हसण्यानं आणलं. मला माणूस बरा झाला की आनंद व्हायचा, तेवढ्यासाठी मी या धंद्यात आले होते, आणि तो आनंदच त्यांनी माझ्याकडनं काढून घेतला होता. नोकरी गेली तर दुसरी मिळेल, नाही मिळाली तर विड्या वळीन. पण हे गेल्यावर माझ्यात नर्स म्हणून राहिलं काय? मला एकदम चीड आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा स्वतःची चीड आली नाही, त्यांची आली.

"मामा," मी म्हटलं, "तुम्हाला काही झालं नाही हे लई बरं झालं." आणि हे म्हणताना ते मला खरंच वाटतंय का, हे मी तपासून बघितलं. वाटत होतं.

पुढची बैठक आली. तोच हॉल. आण्णासाहेब नव्हते, त्यांची खुर्ची होती. साहेब माझ्याकडं न बघता म्हणाले, "आलं का तुमचं दुसरं पित्त? नको म्हटलं तरी गाडी बोलावली." आणि हात पुढं केला. "काढा."

माझा हात गळ्यापाशी गेला. मी स्टेथोस्कोप मुठीत धरला.

"देणार नाही."

साहेबांनी आता बघितलं.

"काय म्हणालात?"

"साहेब, तुम्ही पाठवलेले सगळे आजारीच निघतात का?"

"माझी आणि तुमची बरोबरी करताय तुम्ही?"

"नाही. तुमच्याकडं ईसीजीचं मशीन आहे, माझ्याकडं नाही. म्हणून मला जास्त पाठवायला लागणार. आज्जींना पाठवलं ते बरोबर होतं. मामांना पाठवलं तेही बरोबर होतं. पित्त निघालं ते नंतर. मी ठरवलं तेव्हा मला घाम दिसत होता."

साहेबांनी कोरा कागद माझ्यासमोर सरकवला. आवाज खाली आला होता त्यांचा. "चूक झाली म्हणून लिहून द्या. वरिष्ठांचं ऐकलं नाही, पुन्हा होणार नाही. नाहीतर शेऱ्यात काय जाईल, ते तुम्हाला कळतंय."

"कळतंय," मी म्हटलं, आणि कागद परत सरकवला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेजारची सिस्टर माझ्यापासून खुर्ची जरा लांब घेऊन बसली. तीही करारावरच आहे. दारात मामा ट्रे घेऊन उभे होते, कप किणकिण वाजत होते. साहेब म्हणाले, "पुढचा विषय," आणि लसीकरण सुरू झालं.

करार अजून आलेला नाही. येईल असं वाटत नाही. आई माझ्याशी बोलत नाही, ताट पुढं ठेवते आणि तोंड फिरवते. रक्तदाब अजून दोनदा मोजते, खोटं नाही सांगत. पण फोन करून विचारत नाही. उपकेंद्राची किल्ली जोवर माझ्याकडं आहे, तोवर रोज उघडते.

उद्या कुणी छाती धरून दारात आलं तर काय खाल्लं हे मी शेवटी विचारीन. आधी हात लावीन. घाम दिसला, खांदा धरलेला दिसला, की गाडी बोलवीन. मग तो आण्णासाहेब असो, झाडूवाला असो, नाहीतर स्वतः साहेब असोत. पित्त निघालं तर निघू दे. शिव्या मी खाईन, शेरा मी घेईन. पण कुणाचं दुखणं खरं निघावं म्हणून वाट बघत मी परत बसणार नाही.